सटवाईच्या माळावरची लांडोर

मुरुडच्या पेठेत गुरुबसप्पांचं कापडाचं दुकान होतं, पण गावात त्यांचं नाव झालं ते खोकल्यामुळं. दमा नव्हता, माणूस ठणठणीत. पहाटे उजाडायच्या आधी ते वेशीबाहेर पडायचे आणि पाणंदीला लागले की खोकायला सुरुवात. मोठ्यानं, घसा खरवडून. त्याचं कारण बायांना ठाऊक होतं. त्या वेळी बाया परसाकडे बसलेल्या असायच्या, आणि अप्पांच्या खांद्याला पिशवी असायची, पिशवीत दुर्बीण. दुर्बीण घेऊन अंधारात माळाकडं जाणाऱ्या पुरुषाला गाव काय म्हणेल, हे सांगायला पंचांग नको. म्हणून खोकायचं. सावरून बसा बायांनो, मी चाललोय. नाला ओलांडला, मागं कुणी नाही अशी खात्री झाली, की मगच दुर्बीण बाहेर निघायची.

पाखरं बघायचा नाद त्यांना कुठून लागला ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. वडील मलप्पा कापडवालेच. माल आणायला हैदराबादला गेलेल्या पोरानं जुन्या बाजारातून ही दुर्बीण आणली, तेव्हा मलप्पा म्हणाले होते, "शिकाऱ्याचं हत्यार लिंगायताच्या घरात कशाला?" पोरगं म्हणालं, "मारायचं नाही, नुसतं बघायचं." मलप्पांना ते जास्तच वाईट वाटलं. मारणाऱ्याला काहीतरी मिळतं तरी.

आणि नाद लागला तोही नेमका चैत्र-वैशाखातला. लग्नसराई म्हणजे कापडवाल्याचा सुगीचा काळ. बस्ते बांधायला बैलगाड्या भरून माणसं यायची आणि गादीवर मालक नसायचे. रुद्राणीअक्का, म्हणजे अप्पांची बायको, पडद्याआडून गिऱ्हाइकाला पाणी पाठवायच्या आणि म्हणायच्या, "येतीलच आता. झाडाखाली कुणाचं तरी बारसं चाललंय, ते उरकून येतील."

पण दुकानावर बसले की अप्पांसारखा कापडवाला नाही. बाई पायरी चढेपर्यंत तिच्या चोळीला किती कापड लागेल ते त्यांनी मनात मोजलेलं असायचं. गज हातात घ्यायचे ते रीत म्हणून. "माझ्या डोळ्यात गज हाय," असं ते म्हणायचे, आणि त्यांचा हा गर्व साऱ्या पेठेला मान्य होता.

दुकानाबाहेर एक काळा फळा होता. 'नवीन माल आला' असं लिहिण्यासाठी. उन्हाळा लागला की अप्पा त्याच्यावर खडूनं पाखरं लिहायचे. 'आज भोरड्यांचा थवा उत्तरेला गेला.' 'सटवाईच्या माळावर धाविक, पिलं दोन.' 'देवळाच्या पिंपळावर हळद्या बोलला.' शेजारचा हॉटेलवाला संगप्पा चहा गाळता गाळता ते वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "आणि लुगड्याचा भाव काय म्हणतोय हळद्या?" सगळे हसायचे. अप्पाही हसायचे. मी रोज वाचायचो. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं सगळं शिक्षण पाट्या, फळे आणि चहाच्या हॉटेलातली वर्तमानपत्रं यांच्यावर झालं. त्यातला एक फळा अप्पांचा.

ही गोष्ट लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं तेव्हाची. दुष्काळ होता. नाल्यात वाळू, विहिरीत अंधार. जिल्हा मात्र नवा कोरा. उस्मानाबादेतून वेगळं निघालेलं घर ते. भांडीकुंडी वाटून झाली, आता बैठकीत मांडायला काहीतरी आपलं हवं होतं. सोलापूरकडं माळढोक आहे, त्याच्यासाठी अख्खं रान राखून ठेवलंय, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. आपल्याकडं काय, तर टँकर.

सटवाईच्या माळावर तेव्हा रोजगार हमीचं काम चालू होतं. पाझर तलाव. दोनेक वाड्यांची माणसं तिथं माती वाहत होती, बाया जास्त. मी त्यांच्यात काम करायचो, म्हणजे मुकादमाशी भांडायचो. हजेरी कापली, भांड. टँकर आला नाही, भांड. माझा आवाज मोठा आणि डोकं लवकर फिरायचं, त्यामुळं हे काम मला जमायचं. त्या माळावरचं ते एक काम म्हणजे त्या घरांतली चूल. ते बंद झालं की मिरजेच्या रेल्वेत बसून ऊसतोडीला किंवा मुंबईला. दुसरी वाट नव्हती.

आणि एका सकाळी अप्पांच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'सटवाईच्या माळावर माळढोक पाहिला. मादी.'

संगप्पाच्या हॉटेलात त्या दिवशी लातूरच्या एका पेपरचा वार्ताहर भजी खात बसला होता. भजी अर्धी टाकून तो उठला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'लातूर जिल्ह्यालाही लाभला माळढोक'. तिसऱ्या दिवशी जीप आली. जिल्ह्याच्या कचेरीत नव्यानं आलेले एक साहेब होते, तरुण, उत्साही. पेठेतली सगळी माणसं दुकानापुढं गोळा झाली.

"नक्की माळढोकच होता?" साहेबांनी विचारलं.

"नक्की."

"किती उंच?"

"माझ्या कमरेला लागंल." अप्पांनी हातानं दाखवलं. "पांढरी मान, डोक्याला काळं."

मागून संगप्पा म्हणाला, "अप्पा, कुणाची कोंबडी सुटली असंल. उपाशीपोटी लांबून कोंबडी बी मोठी दिसती."

पेठ हसली. रोज हसायची तशीच. पण त्या दिवशी समोर साहेब होते, आणि अप्पांना ते हसू सोसलं नाही. त्यांनी गळ्यातली चांदीची डबी सदऱ्याबाहेर काढली. लिंगायत माणूस जन्मभर त्या डबीत आपलं इष्टलिंग छातीशी बाळगतो, रोज तळहातावर घेऊन पूजतो. डबी मुठीत धरून अप्पा म्हणाले, "हे हातात घेऊन सांगतो. माळढोक."

त्याच्यापुढं कुणी काय बोलणार?

आठवडा उलटायच्या आत माळावरचं काम थांबलं. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, पाहणी होईपर्यंत माणसांचा वावर नको, पक्षी उठून जाईल. मुकादमानं फावडी गोळा केली. टँकर बंद झाला, कारण टँकर कामावरच्या माणसांसाठी होता. बायांनी टोपली पालथी घातली आणि माझ्याकडं बघितलं.

मी तडक दुकानात शिरलो. चपला काढल्या नाहीत.

"अप्पा, ते पाखरू मागं घ्या."

"काय घ्या?"

"फळ्यावर लिहा, चुकलं. कोंबडी होती, बगळा होता, काय बी लिहा. काम सुरू होऊ द्या."

"व्यंकटी, पाखरू काय मोर्चा हाय का, मागं घ्यायला?" अप्पा गादीवरून उठले. "होतं ते हाय म्हणालो."

"माणसं उपाशी मरतील, पाखराची आरती करा तुम्ही!"

"माणसांचं मला कळत न्हाई व्हय? दुकानात कोण येतंय बघ की. तुझी माणसं उपाशी तर माझा गज बी उपाशी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लिंग हातात घेऊन बोललोय मी. आता खोटं बोलू? कुणासाठी बी?"

मला राग आला तो याचाच, की त्यांचं म्हणणं पटत होतं. मी म्हणालो, "तुमचं लिंग तुमच्या गळ्यात, आमच्या गळ्यात फास."

पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. दुसऱ्या दिवशी पारूबाई बायांना घेऊन दुकानापुढं येऊन बसली. पारूबाई आमच्या वाडीतली, सगळ्यांत थोरली, तोंडाची फटकळ. घोषणा नाहीत, काही नाही. रिकामी टोपली पुढ्यात मांडून नुसत्या बसल्या. बस्त्याला आलेली एक बैलगाडी त्यांना बघून पुढच्या दुकानाकडं वळली. अप्पा दिवसभर गादीवर बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"पहाटे चल माझ्याबरोबर. तुला दाखवतो. तू बघ, तुझ्या तोंडानं ह्यांना सांग. मग काय लढायचं ते लढ साहेबाशी, काम दुसऱ्या माळावर काढायला लाव. पण मी खोटा न्हाई."

पहाटे आम्ही निघालो. पाणंदीला अप्पा खोकले. नाल्यापलीकडं दुर्बीण काढली. चालता चालता दबक्या आवाजात ते मला सांगत होते. ही टिटवी, पण पिवळ्या गालाची. पखुर्ड्या ऊन वर आल्यावर पाण्याला येतात, आता पाणीच नाही तर कुठं जात असतील. माझं लक्ष नव्हतं. मी साहेबाशी काय बोलायचं ते मनात घोळवत होतो.

सटवाईच्या दगडाआड आम्ही बसलो. ऊन चढलं. चैत्रातला माळ म्हणजे तवा. जमिनीवरून वाफ उठायला लागली आणि पलीकडचा बांध पाण्यावर तरंगल्यासारखा हलायला लागला. तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं.

त्या हलत्या उन्हात एक पाखरू उभं होतं. उंच, लांब मानेचं. मान पांढुरकी, डोक्याला काळसर. पाय दिसतच नव्हते, अधांतरी चालत होतं. मी दुर्बीण घेतली. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मी काम विसरलो, पारूबाई विसरलो.

"बघितलंस?" अप्पा म्हणाले. आवाजात नुसता आनंद.

पाखरू आमच्याकडंच यायला लागलं. कामावरच्या पाण्याचं पिंप आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. टँकर बंद झाला तरी त्याच्या तळाला थोडं उरलं होतं आणि तोटीखाली ओल होती. पाखरू त्या ओलीकडं चाललं होतं. आणि जसं जवळ आलं, तसं ते लहान व्हायला लागलं. कमरेएवढं होतं ते मांडीएवढं झालं. मग गुडघ्याच्या जरा वर. डोक्यावरचं काळं उलगडलं आणि त्याचा तुरा झाला. मानेवर हिरवी झाक चमकली. पिंपापाशी पोचून त्यानं मान वर केली आणि ओरडलं. तो आवाज कुठल्याही शेंबड्या पोराला कळला असता.

लांडोर.

मळ्यातल्या विहिरी आटल्या, आंब्याखालची ओल गेली, म्हणून बिचारी उघड्या माळावर आली होती, जिथं लांडोर कधी येत नाही. आणि तिच्या शेजारी उंची मोजायला ना झाड, ना झुडूप. गज डोळ्यात होता खरा, पण तो आजवर दुकानाच्या फळीपुढं, पायरीपुढं चालला होता. माळाला पायरी कुठली?

मी हसणार होतो. खरंच हसणार होतो, तोंड उघडलं होतं. मग अप्पांकडं बघितलं. ते दुर्बीण लावून अजून बघतच होते, कितीतरी वेळ. दुर्बीण काढली तेव्हा डोळ्यांभोवती तिचे गोल वळ उमटले होते. त्यांचा हात छातीवरच्या डबीकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. जणू तिला हात लावायचा आता हक्क नाही.

"व्यंकटी," ते म्हणाले, "घरी रुद्राणीला तोंड कसं दाखवू?"

मी म्हणालो, "साहेबाला मी सांगतो. माझ्यावर सोडा."

"न्हाई. बोललो मी."

लातूरला आम्ही एस.टी.नं गेलो, मी, अप्पा आणि पारूबाई. नव्या जिल्ह्याची कचेरी, वार्निशाचा वास अजून गेला नव्हता. साहेबांच्या टेबलापुढं खुर्ची होती, अप्पा बसले नाहीत. "लांडोर होती," म्हणाले. "माझी नजर चुकली. मी आण घेतली होती ती खोटी ठरली. ह्या बाईच्या पोटावर माझ्यामुळं पाय आला." एवढंच. साहेबांचे कान लाल झाले. माळढोकाची पाहणी करणार म्हणून त्यांचा फोटो पेपरात आला होता ना. मग त्यांनी काम सुरू करायला सांगितलं.

परतीच्या एस.टी.त पारूबाई म्हणाली, "अप्पा, येवढं काय तोंड पाडलंय? आमची मालकं रोज खोटी आण घेत्यात दारूची."

अप्पा हसले नाहीत.

मठातल्या स्वामींपुढं जाऊन त्यांनी विचारलं, प्रायश्चित्त काय. स्वामी म्हणाले, दासोह कर. दासोह म्हणजे सेवा, लिंगायतांत तिला पूजेइतकी किंमत. ज्यांचं नुकसान केलंस त्यांना हातानं पाणी दे, काम पुरं होईपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून अप्पा माळावर. खांद्याला पिशवी नाही, दुर्बीण रुद्राणीअक्कांच्या पेटीत. पिंपापाशी उभं राहून ते पाणी द्यायचे. आधी वरून ओंजळीत ओतायचे, जसं आमच्या लोकांना पेठेत सगळेच ओतायचे. मी बघत होतो, बोलणारही होतो. पण चांगुणानं, पारूबाईच्या सुनेनं, एक दिवस ओंजळ धरलीच नाही. नुसता हात पुढं केला. अप्पा क्षणभर थांबले आणि लोटा तिच्या हातात दिला. त्यानंतर लोटाच.

फळ्यावर पुन्हा पाखरं आली नाहीत. 'सुती लुगडी आली.' 'धोतरजोड्या.' त्या वर्षी भोरड्या कधी गेल्या ते मुरुडला कळलं नाही. बाया त्यांना 'लांडोरअप्पा' म्हणायला लागल्या, प्रेमानंच, पण म्हणायला लागल्या. पोरं पाणंदीला त्यांच्यामागं लांडोरीसारखी ओरडायची. रुद्राणीअक्का पडद्याआडून आता काही बोलत नसत. त्यांच्या त्या टोमण्यांची किंमत अप्पांना तेव्हा कळली असावी.

पुढच्या वर्षीही पाऊस आला नाही. तलावाची भिंत वाढवायचं काम पुन्हा चैत्रात निघालं. प्रायश्चित्त संपलं होतं, तरी अप्पा पाण्याला आले. "काम पुरं कुठं झालंय," म्हणाले.

एक दिवस सकाळी, ऊन अजून कोवळं होतं, वाफ उठायची होती, तेव्हाची गोष्ट. मी पिंपापाशी उभा होतो. चांगुणानं लोटा घेता घेता समोरच्या चढाकडं बोट केलं.

"अप्पा, ते काय हो?"

चढावर एका धनगराची शेळी चरत होती. आणि तिच्यापासून चार पावलांवर एक पाखरू चालत होतं. शेळीच्या पाठीएवढं उंच. मान पांढरी शुभ्र, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी. हनुवटी वर करून, गावच्या पाटलासारखं सावकाश पाऊल टाकत. या वेळी हवा हलत नव्हती, आणि मोजायला शेजारी शेळी होती. मलासुद्धा कळलं. मी अप्पांकडं बघितलं.

त्यांनी कपाळावर आडवा हात धरला होता. चेहरा असा झाला होता की मी तसा तो एकदाच बघितलेला, सटवाईच्या दगडाआड, माझं मनगट धरलं तेव्हा. मग तो आनंद हळूहळू विझला. त्यांनी मागं बघितलं. भिंतीवर टोपल्यांची रांग चालली होती, पारूबाई कुणाला तरी शिव्या देत होती, मुकादम बिडी ओढत होता. चांगुणा अजून बोट रोखून उभी.

"काय हाय, अप्पा?"

अप्पांनी डबी सदऱ्याच्या आत ढकलली. दोरी फिरवून ती पाठीमागं नेली.

"लांडोर," ते म्हणाले.

चांगुणा ओरडली, "आत्या, ऐकलं का! अप्पा आता बराबर वळखायला लागले!"

सगळी रांग हसली. पारूबाई म्हणाली, "शिकिवलं न्हाई का आपुन!" अप्पाही हसले. कसे हसले ते मी लिहू शकत नाही.

हसता हसता बाया आपापल्या टोपल्यांकडं वळल्या. अप्पांनी लोटा पिंपावर ठेवला आणि ते चढाकडं पाच-पंधरा पावलं गेले. तिथं उभं राहून खोकले. पाणंदीला खोकायचे तसं, मोठ्यानं, घसा खरवडून. सावरून बस बाई, इथं माणसं आहेत.

पाखरानं मान वळवली. दोन जड पावलं धावलं आणि उठलं. पंख केवढे ते. शेळी दचकून बाजूला झाली. जमिनीलगत उडत ते चढापलीकडं गेलं.

अप्पा परत आले. माझ्याकडं न बघता त्यांनी लोटा बुडवला, आणि भिंतीकडं तोंड करून विचारलं, "पाणी कुणाला पायजे?"

मी पुढं होऊन लोटा घेतला. त्यांच्याकडं मला बघवत नव्हतं, म्हणून पाणी प्यायलो.